तेरा नंबरच्या कपाटातलं पुस्तक

"जाग्यावर ठेवजो," हे काकाजींचं पहिलं वाक्य असे आणि बहुतेक वेळा शेवटचंही. पुस्तक परत करायला शाळकरी मुलगी येवो की कचेरीतला मोठा साहेब, काकाजी चष्म्यावरून बघत, बोट कपाटांकडे वळवत आणि एवढंच म्हणत. साहेबालाही एकेरीतच. त्यांच्या मते चुकीच्या कपाटात गेलेलं पुस्तक जळालेल्या पुस्तकापेक्षा वाईट, कारण जळालेल्याचं निदान दुःख तरी करता येतं.

आमचं वाचनालय वर्ध्यात, कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका रंगाच्या दुकानाच्या माडीवर. मी सिंदी मेघेला राहते. शाळेत शिकवत होते तेव्हा शाळा सुटली की घरी जाण्याआधी तासभर तिथे बसायचे. तुमच्याही गावात असं एखादं वाचनालय असेल आणि तिथल्या ग्रंथपालाचा दरारा अध्यक्षांपेक्षा मोठा असेल, तर तुम्हाला फार समजावून सांगायला नको.

काकाजी पक्के बुद्धिवादी. तरुणपणी गावोगाव फिरून त्यांनी अंगात आणणाऱ्या बाबांना भर सभेत प्रश्न विचारले होते. त्यापायी एकदा मारही खाल्ला होता आणि तो नेमका कुठे बसला हे ते सत्तरीतही हौसेनं दाखवत. वाचनालयात एक कपाट त्यांनी स्वतःच्या हातानं लावलं होतं. नंबर मुद्दाम तेरा. वर पाटी, 'अंधश्रद्धा व भोंदूगिरी'. वशीकरण, भानामती, हस्तरेषा, स्वप्नांचे अर्थ, सगळं त्यात. कुणी मागितलं तर देत, पण बजावून, "हासत हासत वाचजो." लग्न जमेना म्हणून हस्तरेषेचं पुस्तक नेणाऱ्या एका सभासदाला त्यांनी जोडीला पाककृतींचं पुस्तकही दिलं. उपयोग झाला तर याचाच होईल म्हणाले, आणि खरंच झाला.

हेलनबाई या कपाटासमोर येऊन उभ्या राहतील असं आम्हा कुणालाच वाटलं नव्हतं. त्या इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या, साठीच्या. पवनारजवळ एका शेतावर देशी कापूस आणि सूतकताई शिकायला येऊन राहिल्या होत्या. दर बुधवारी एसटीनं वर्ध्याला यायच्या, भाजी घ्यायच्या आणि आमच्या पंख्याखाली बसून इंग्रजी पेपर वाचायच्या. आपल्याकडची एसटी तुम्हाला माहीत आहे. शेजारच्या बाया आधी गाव विचारतात, मग लेकरं किती ते विचारतात आणि उतरता उतरता धर्म विचारतात. हेलनबाई प्रत्येकीला न चुकता सांगत, "पेगन." बाया मान डोलवत आणि पुढच्या स्टॉपला उतरत.

काकाजींचं मात्र मान डोलवून भागणार नव्हतं. त्यांनी मोठा जुना शब्दकोश काढला आणि सगळ्यांसमोर खड्या आवाजात वाचायला सुरुवात केली, "ख्रिस्ती नसलेला. मूर्तिपूजक." मग आवाज एकदम खाली आला. पुढे 'रानटी' आणि 'अधर्मी' असे दोन शब्द होते. त्यांचा अर्थ विचारून घेतल्यावर हेलनबाई इतक्या हसल्या, की पेपर वाचणारे दोघे उठून काय झालं ते बघायला आले.

मग त्यांनी सांगितलं आणि मी मराठी करत गेले. तरुणपणी त्यांच्या गावात हा शब्द शिवीसारखाच वापरत. शाळेत शिकवताना त्या धर्म सांगायचं टाळत, कारण कळलं असतं तर नोकरी टिकली नसती. आता दिवस पालटले आहेत. जनगणनेच्या कागदावर लोक हा धर्म उघड लिहितात. ऋतू बदलतो त्या दिवशी त्या अंगणात दिवे लावतात, तेव्हा शेजारचे येऊन विचारतात, यंदा पाऊस कसा आहे? जसं काही पाऊस माझ्याच हातात आहे, असं म्हणून त्या परत हसल्या.

पुढच्या बुधवारी त्यांनी वाचनालयाला एक पुस्तक भेट दिलं. आजच्या काळातल्या पेगन लोकांचं, त्यांच्या सणांचं आणि विचारांचं. काकाजींनी ते रात्री घरी नेऊन चाळलं. त्यात चंद्र होता, अग्नी होता, जडीबुटी होती आणि स्वतःला आनंदानं चेटकीण म्हणवणाऱ्या बायकाही होत्या. सकाळी त्यांनी रजिस्टरात निळ्या शाईनं नोंद केली आणि पुस्तक लावलं. कपाट नंबर तेरा.

हेलनबाईंना तोवर मराठी अक्षरं लागू लागली होती. त्यांनी आपलं पुस्तक शोधलं, मग पाटी बोटानं एकेक अक्षर वाचली. शेवटचा शब्द मला विचारला. मी सांगितला. पुस्तक थोडं तिरकं होतं, ते त्यांनी सरळ केलं आणि निघून गेल्या. त्यानंतरचा बुधवार रिकामा गेला. त्याच्या पुढचाही.

काकाजी चिडले ते माझ्यावर. पाटीचा अर्थ सांगितलाच कशाला, म्हणाले. मी म्हटलं, मग पाटी लावलीत कशाला? त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांची अडचण मला कळत होती. हे एक पुस्तक धर्माच्या कपाटात नेलं, तर उद्या वशीकरणवालाही तीच जागा मागेल, आणि ज्यासाठी मार खाल्ला ते सगळं वाया जाईल. शिवाय रजिस्टरातली नोंद त्यांनी आयुष्यात कधी खोडली नव्हती. पण दर बुधवारी एसटी यायच्या वेळेला त्यांचं लक्ष जिन्याकडे असायचं, आणि मला त्यांची फार कीव यायची.

तिसऱ्या आठवड्यात ते आपणहून म्हणाले, "बाई, पवनारले जाऊन येऊ. मले इंग्रजी वाचता येते, माफी मांगता येत नाई." मराठीत तरी कुठे येते, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

आम्ही पोचलो तो नेमका कापूस वेचणीचा पहिला दिवस होता. पहिल्या वेचणीला आपल्याकडे सीतादही करतात. कापसाच्या एका झाडाखाली बायका सात गोटे धुऊन मांडतात, हळदकुंकू वाहतात, दहीभात ठेवतात, शेतात दह्याचा शिंतोडा देतात आणि मगच कमरेला बांधलेल्या ओट्यात कापूस पडतो. शेतमालकाची म्हातारी आई पुढे बसली होती आणि तिच्या मागे डोक्यावरून ओढणी घेतलेल्या हेलनबाई, दोन्ही हातांत दह्याची वाटी धरून. त्यांचे डोळे भरले होते.

काकाजी शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच थांबले. मला वाटलं, आता अंधश्रद्धेवर भाषण होणार. पण ते तिथेच खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बावीस वर्साचा होतो मी. लय वाचून राह्यलो होतो. असेच मायनं मांडलेले सात गोटे लाथेनं उडवलते. मायनं एक शबुद काढला नाई. गोटे येचले, धुतले, परत मांडले. अन् दहीभात पयले मलेच देल्ला."

बोटांनी माती उकरत ते स्वतःशीच म्हणाले, "तिनं फसवलं कोनाले?"

मग त्यांनी चपला काढल्या आणि त्या झाडाजवळ गेले. पुढे हा प्रसंग मी कुणाला सांगितला, की ते मध्येच दुरुस्ती करत, नमस्कार केला नाही, फक्त चपला काढल्या. हेलनबाईंसमोर उभं राहून त्यांनी शुद्ध वऱ्हाडीत सांगितलं, की पुस्तकाची जागा चुकली आणि चूक त्यांची आहे. मी इंग्रजी करायच्या आत हेलनबाईंना कळलं होतं. कपाटाचं काही वाटलं नाही, त्या म्हणाल्या. असली कपाटं आम्ही जन्मभर पाहिली. तुमच्या हातून झालं, ते लागलं.

दोघांचं लांबत चाललेलं बघून म्हातारी म्हणाली, "बोलनं मंग करजा. आंधी दहीभात घ्या."

दहीभात खाताना मी तिला विचारलं, या बाईला पूजेत कसं घेतलं? तिला प्रश्नच समजला नाही. बाई शेतात होती, वाटी धरायला माणूस हवं होतं, यात विचारायचं काय? हेलनबाईंनी मात्र नीट फोड करून सांगितलं. तुमचं ते तुमचं, आमचं ते आमचं. आमच्याकडे मधले धागे तुटले, म्हणून आम्ही पुस्तकं वाचून जोडत बसलो आहोत. या आजींना पुस्तक लागलं नाही, एवढंच बघून मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी काकाजींनी लाल शाईची बाटली विकत आणली. नोंद खोडली, शेजारी सही केली आणि पुस्तक धर्माच्या कपाटात लावलं. खालच्या दुकानाचे शेठ आमचे अध्यक्ष. ते धावत माडीवर आले. भूतखेताचं पुस्तक देवाधर्माशेजारी कसं, लोक काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं.

काकाजींनी विचारलं, "या लोकायनं फसवलं कोनाले?"

शेठ म्हणाले, तसं काही नाही, पण…

"मंग राहू द्या."

शेठनी तपासायला म्हणून ते पुस्तक नेलं आणि पंधरा दिवस परत केलं नाही. आणलं तेव्हा म्हणाले, चांदण्यात बसून खातात-पितात म्हणे, आपली कोजागिरी काय वेगळी असते? त्यानंतर दुकानात कुणी हेलनबाईंबद्दल विचारलं, तर रंगाचे डबे बाजूला सारून शेठच पेगन लोकांची माहिती देऊ लागले. त्यातली निम्मी चूक असायची. पण कोशातले ते दोन शब्द त्यात कधी आले नाहीत. काकाजी वरून ऐकत आणि मिशीत हसत.

गेल्या उन्हाळ्यात काकाजी गेले. तेव्हा हेलनबाई त्यांच्या देशात होत्या, मी त्यांना पत्रानं कळवलं. काकाजींच्या इच्छेप्रमाणे देहदान झालं. दहावं नाही, तेरावं नाही, फोटोला हार नाही. मुलांनी सगळं त्यांच्या शब्दाबरहुकूम केलं. मला ते पटत होतं आणि तरी आत काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. शेठ रोज माडीवर येऊन उगाच पंखा लावायचे आणि बंद करायचे.

दिवाळीनंतर हेलनबाईंचं पत्र आलं. थंडी लागण्याआधी एका संध्याकाळी त्यांच्यातले लोक शेकोटीभोवती जमतात आणि वर्षभरात गेलेल्यांची नावं एकेक करून मोठ्यानं घेतात. यंदा गावातली इतर माणसंही आली होती. चर्चमध्ये घंटा वाजवणारे एक म्हातारे गृहस्थही काठी टेकत आले आणि रिंगणात उभे राहिले. हेलनबाईंनी सांगितलं, की हा भारतातला एक ग्रंथपाल, याचा कशावरच विश्वास नव्हता. नाव कुणाला उच्चारता येईना. मग त्यांनी ते तीनदा शिकवलं आणि सगळ्यांनी मिळून घेतलं. म्हातारे गृहस्थ चुकले होते, त्यांनी ते परत एकदा एकट्यानं घेतलं.

काकाजी हे वाचून रागावले असते का? असतेच. एखादं लांबलचक पत्रही लिहिलं असतं. पण फसवलं कोणाला, हा प्रश्न त्यांना त्या पत्रात घालता आला नसता.

वीस वर्षं मी त्यांना काकाजीच म्हणत आले. वडीलधाऱ्या माणसाचं नाव घ्यायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि म्हणूनच ते इथेही लिहिलेलं नाही. पत्र आलं त्या दिवशी मी घरी गेले, अंगणात उभी राहिले आणि त्यांचं नाव एकदा मोठ्यानं घेतलं.