दसऱ्याला पुसलेला ट्रक

आपल्या खोलीत आधी राहणारे भिकनभाऊ कसे होते, असं उधना भागातल्या चाळीतल्या नव्या भाडेकरूने विचारलं, तेव्हा गोपालआप्पांना पटकन काही सांगता आलं नाही. सहा वर्षं दोघं एका ओट्यावर बसले होते, पण भाऊंचं गाव अमळनेरच्या अलीकडे की पलीकडे, हेही आप्पांना ठाऊक नव्हतं. ठाऊक होती ती एका ट्रकची गोष्ट. मग तीच त्यांनी सांगितली.

भिकनभाऊंनी तीस वर्षं कापड कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त केले. कारखाना बंद पडला, लूम भंगारात गेले, आणि त्रेसष्टाव्या वर्षी त्यांना कोणी कामावर घेईना. पर्वत पाटिया भागात ललित नावाच्या तरुणाचं प्लास्टिकच्या छोट्या गाड्यांचं दुकान होतं. सुटे भाग जोडायचे, रंगवायचे आणि गाडी जुनी, वापरलेली दिसेल अशी करायची. त्याने भाऊंना हातभर लांबीचा एक ट्रक दिला. गिऱ्हाइकाला आवडला तर दुकानाचं सगळं जोडकाम भाऊंचं, नाहीतर राहिलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो न्यायला येणार होता.

भाऊ त्या ट्रकवर महिनाभर बसले. आधी गंजाचा तपकिरी रंग, त्यावर पाण्याने चिकटवलेले जाड्या मिठाचे खडे, वरून पाण्यातला नारिंगी रंग. सुकल्यावर मीठ खरवडलं की रंगाचे टवके उडाल्यासारखे दिसत. शेवटी रॉकेलमध्ये पातळ केलेल्या तेलरंगाची धूळ आणि काजळी. आप्पा रोज शेजारी बसून बघत. बोलणं फारसं होत नसे.

दसऱ्याला सकाळी आप्पा सोनं द्यायला गेले, तर भाऊ डोक्याला हात लावून बसलेले. लूमवाल्यांच्या घरात त्या दिवशी शिलाई मशीनपासून पंख्यापर्यंत सगळी यंत्रं रॉकेलच्या फडक्याने पुसून कुंकू लावतात. भाऊंच्या पत्नी मंदावहिनींनी त्याच फडक्याने ट्रकची एक बाजू वरून खाली पुसून काढली होती आणि बॉनेटवर कुंकवाचं बोट टेकवलं होतं.

"कितली धूय बसेल व्हती त्यावर, पुसी टाकी मी," वहिनी पुन्हा पुन्हा सांगत होत्या. आपलं नेमकं काय चुकलं, ते त्यांना कळत नव्हतं. भाऊंना त्यांच्यावर रागावताही येईना. तीस वर्षं स्वतः त्यांनीच प्रत्येक दसऱ्याला लूम असे पुसले होते.

आप्पांनी ट्रक जवळ घेतला. नारिंगी रंग पाण्यातला, म्हणून शाबूत होता. धूळ मात्र सपाट भागाच्या मधोमध निघाली होती, खाचांत आणि उठावाच्या खिळ्यांभोवती तशीच होती, आणि खाली बारीक ओघळ उतरले होते. बोलावं की नाही, याचा त्यांनी बराच विचार केला. आपल्याला यातलं काय कळतं, असंही मनात आलं.

"भाऊ, ट्रकवाले दसऱ्याला असाच पुसतात ना?" ते शेवटी म्हणाले.

भाऊ उठले. उजेडाकडे धरून त्यांनी ट्रक फिरवून फिरवून पाहिला. मग फडकं घेतलं आणि दुसरी बाजूही तशीच वरून खाली पुसली. कुंकू राहू दिलं.

दुसऱ्या दिवशी ललितने ट्रक हातात घेतला आणि तो बराच वेळ खाली ठेवेना. शेवटी म्हणाला, "काका, हा तर रोज मला सहारा दरवाजाच्या चौकात आडवा येतो."

गिऱ्हाईक खूश झालं. काम मिळालं, इतकं की ललितने शहराच्या दुसऱ्या टोकाला, कतारगामला, जोडकामासाठी खोली घेतली आणि भाऊ-वहिनी तिथेच जवळ राहायला गेले. सामान टेम्पोत चढलं तेव्हा आप्पा ओट्यावर उभे होते. त्यांनी शेवटची पिशवी वर दिली.

भाऊ म्हणाले, "आप्पा, जुना टूथब्रश टाकू नका. मला चाकांवर चिखलाचा रंग उडवायला लागतो."

"एक आहे न्हाणीत."

"केस वाकडे झालेला?"

"वाकडेच आहेत."

"मग ठेवा."