आभाच्या ‘डी’चं कारण

आभा सबनीस रागीट आहे, हे शारजाच्या अल मजाज भागातल्या मराठी मंडळींत कोणीही सांगेल. सत्ताविसाव्या वर्षी लग्नाचं नाव नाही, अमेरिकेची डिग्री घेऊन शारजातल्या एका फिजिओथेरपी क्लिनिकच्या रिसेप्शनवर बसते, आणि वर काही विचारायला गेलं की फाडकन उत्तर देते. एवढा राग कशाचा, हे मात्र कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी सांगायची तिला परवानगी नव्हती.

तिला डॉक्टर व्हायचं होतं. ओहायोतल्या एका कॉलेजात ती बायॉलॉजीला गेली आणि पहिल्या वर्षी सगळीकडे ए आणले. दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्रीत डी, फिजिक्समध्ये सी, आणि एक विषय मधेच सोडलेला. तिचे वडील चारुदत्त सबनीस याचं कारण गणपतीच्या आरतीला, लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, भेटेल त्याला सांगत. “पहिल्यांदा घराबाहेर पडली ना. फ्रीडम मिळालं, थोडी वाहवत गेली.” हे सांगताना त्यांचा चेहरा इतका उदार व्हायचा की बघणाऱ्याला वाटावं, काय मोठ्या मनाचा बाप आहे.

ते धडधडीत खोटं होतं.

त्या वर्षी आभाच्या आईला, छायाताईंना, स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. आणि घरात ठरलं की आभाला कळवायचं नाही, तिचा अभ्यास बिघडेल. आपल्या लोकांत हे असंच ठरतं. पोर परदेशात शिकत असलं की घरात माणूस मरणाच्या दारात असेना का, फोनवर सगळं छान असतं. छायाताई व्हिडिओ कॉलवर डोक्याला स्कार्फ बांधून बसायच्या. “एसीची सर्दी गं.” मग व्हिडिओच बंद झाला. “नेट स्लो आहे.” आभा रोज विचारायची, आई, काय झालंय? आणि रोज उत्तर यायचं, काही नाही, तू अभ्यास कर.

पाच महिने तिनं तो अभ्यास केला. पान उघडं ठेवून आईच्या आवाजात नक्की काय बिघडलंय ते आठवत बसायची, त्याला अभ्यास म्हणायचं असेल तर.

शेवटी सांगितलं ते शेजारच्या इसाबेल आंटीनं, वसईची बाई, मनानं सरळ. वाढदिवसाचा व्हॉइस मेसेज पाठवला: “हॅपी बर्थडे गं बाय. मम्मीची शेवटची केमो झाली, देवाची कृपा. आता तू काय टेन्शन घेऊ नको.” पोटच्या पोरीला माहीत नसेल हे त्या बिचारीच्या मनातही आलं नाही. आभा तेव्हा लॅबमध्ये उभी होती. तीन दिवसांनी ऑरगॅनिकचा पेपर होता. तिनं त्यावर नाव लिहिलं, दीड प्रश्न सोडवला आणि उठून आली.

छायाताई बऱ्या झाल्या. आता तरी खरं सांगावं की नाही? चारुदत्तांनी घरात फर्मान काढलं, कोणाला कळता कामा नये. “उद्या स्थळं बघायची आहेत. आईला कॅन्सर म्हटलं की लोक फॅमिली हिस्टरी काढतात. झाकली मूठ सव्वा लाखाची.” इसाबेल आंटीकडून वचन घेतलं. पण मार्क तर दिसत होते, त्यांना काहीतरी कारण हवं होतं, म्हणून ते आभाच्या माथी मारलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि ज्या स्थळांसाठी हे झाकलं, त्या स्थळांना अमेरिकेत वाहवत गेलेली मुलगी चालत नव्हती.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात आभानं पुढचं सगळं केलं. ऑरगॅनिक पुन्हा घेतलं, ए आणला. मेडिकलची प्रवेश परीक्षा दोनदा दिली, दुसऱ्यांदा मार्क चांगलेच वाढले. मग तिला ऑस्टिओपॅथिक कॉलेजांचा रस्ता सापडला. तिथून निघालेला डॉक्टर औषध देतो, ऑपरेशन करतो, बाकी डॉक्टरांसारखाच. वर हातानं हाडं-स्नायू तपासायचं वेगळं शिक्षण. ही कॉलेजं जुन्या मार्कांपाशी थांबत नाहीत, माणूस पडल्यावर कसा उठला तेही बघतात, असं तिनं वाचलं. बातमी मराठी मंडळात पोचताच तिथल्या सुरेशकाकांनी विचारलं, “म्हणजे हाडवैद्य?” सगळे हसले. चारुदत्तही हसले.

खलिफा सिटीतल्या एका क्लिनिकमध्ये डॉक्टर फिझा होत्या, लाहोरच्या, अमेरिकेत शिकलेल्या, स्वतः ऑस्टिओपॅथिक डॉक्टर. आभा दीड वर्ष दर शनिवारी शारजाहून दोन बसेस बदलून त्यांच्याकडे जायची आणि पेशंट तपासताना बाजूला उभी राहून बघायची.

पहिल्यांदा या कॉलेजांना अर्ज करताना तिनं एक मोठी चूक केली. अर्जासोबतचा निबंध बाबांना दाखवला. चारुदत्त एका कन्स्ट्रक्शन कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर. ड्रॉइंगची नवी आवृत्ती आली की जुनीवर ‘सुपरसीडेड’, म्हणजे रद्द, असा लाल शिक्का मारायचा, हे त्यांचं पंचवीस वर्षांचं काम. त्यांनी आईच्या आजारपणाच्या परिच्छेदावर लाल पेननं दोन रेघा ओढल्या आणि समासात लिहिलं, ‘सुपरसीडेड’. खाली नवी आवृत्ती: मी अपरिपक्व होते, माझं लक्ष विचलित झालं. “हे बघ, ऑनेस्ट वाटतं. अमेरिकन लोकांना कन्फेशन आवडतं,” ते म्हणाले. तिनं ते पाठवलं. परदेशी विद्यार्थी घेणारी कॉलेजं मोजकीच, आणि त्या सगळ्यांनी नकार दिला.

डॉक्टर फिझांनी नंतर तो निबंध वाचला. “ये किसने लिखा है? तुम तो ऐसी नहीं हो.” आभानं खरं सांगितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, पण तळपायाची आग मस्तकात गेली. फिझा म्हणाल्या, “तो यही लिखो. लेकिन पहले अम्मी से पूछो. बीमारी उनकी थी.”

आभानं विचारलं. छायाताई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. “बाबांना विचार,” त्या म्हणाल्या.

“छाती तुझी होती, आई. बाबांची नव्हती.”

छायाताईंच्या हातातली घडी विस्कटली. ती त्यांनी पुन्हा घातली, मग आणखी एकदा घातली. “लिही,” त्या म्हणाल्या. “मला वाचायला देऊ नकोस.”

नव्या निबंधासह तिनं पुन्हा अर्ज केला. सप्टेंबरमध्ये मुलाखत आली, ऑनलाइन, इथल्या संध्याकाळी पाचला. एका प्राध्यापकानं विचारलं, पेशंटचे घरचे म्हणाले, तिला आजार सांगू नका, तर काय कराल? आभा म्हणाली, मी पेशंटला विचारेन, तुला किती जाणून घ्यायचंय. आणि घरच्यांना सांगेन की न सांगितल्यानं माणूस वाचत नाही, फक्त एकटा पडतो. बोलताना आवाज चढला होता. ती घाबरली, पण माफी मागितली नाही.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात प्रवेशाचं पत्र आलं. रविवारी सबनिसांकडे फराळाला मंडळी जमली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. चारुदत्तांनी चकलीची थाळी फिरवता फिरवता जाहीर केलं, “देर आये दुरुस्त आये. पोरगी सुधारली हो.”

“बाबा, डोन्ट,” आभा म्हणाली.

“अरे, मी कौतुक करतोय तुझं. तेव्हा वाहवत गेली होतीस, आता...”

“ती वाहवत गेली नव्हती.” छायाताई दारात उभ्या होत्या, हातात चहाचा ट्रे. “मला कॅन्सर झाला होता. आम्ही तिच्यापासून लपवला. आणि मग तिच्यावर ढकललं.” त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. “चहा घ्या, गार होईल.”

कोणी चहा घेतला नाही. चारुदत्त थाळी धरून तसेच उभे होते. आभाला वाटलं होतं, हा क्षण आला की राग जाईल. गेला नाही. आठ वर्षं काही एका वाक्यात परत मिळत नाहीत. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच कप धुवायला लागली.

मागोमाग सगुणाकाकू आल्या, सुरेशकाकांच्या पत्नी. दार लोटून घेतलं. यांनीच तीन वर्षांपूर्वी एका स्थळाला आभाबद्दल ‘जरा जपून’ असं कळवलं होतं, हे आभाला ठाऊक होतं.

“माझंही निघालंय,” काकू हळूच म्हणाल्या. “जूनमध्ये. चार केमो झाल्या. हा विग आहे.” त्यांनी केसांना हात लावला. “सांगायचं नाही ठरलंय. आमचा नीरव मँचेस्टरला शिकतोय, त्याचं फायनल इयर आहे.”

आभानं नळ बंद केला. “तो विचारत नाही?”

“विचारतो ना. रोज विचारतो, मम्मी, कॅमेरा का बंद असतो? मी सांगते, नेट स्लो आहे.”

आभाला त्या बाईचा राग आला, दयाही आली, आणि दोन्हींत रागच जास्त होता. तिनं ओले हात कुर्त्याला पुसले. ओट्यावर काकूंचा मोबाइल पडला होता, तो उचलून त्यांच्या हातात दिला.

“तिथे आता सकाळचे नऊ वाजलेत, काकू. लावा त्याला फोन.”

“आत्ता? अगं, दिवाळी आहे...”

“आत्ता. आणि व्हिडिओ चालू करा.”

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग मुलाचं नाव दाबलं. आभा बाजूला झाली, पण बाहेर गेली नाही. स्क्रीनवर झोपेतला चेहरा आला, आणि नीरवनं काही विचारायच्या आधीच आभा म्हणाली, “नीरव, उठून बस. तुझ्या आईला तुला काहीतरी सांगायचंय.”