बसच्या काचांतले मासे

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या भाऊजींचे, म्हणजे थोरल्या बहिणीच्या यजमानांचे. आठवीपासून बी.एस्सी. होईपर्यंत मी सौसरला त्यांच्या एका खोलीच्या घरात राहिलो. माझं टेबल मावावं म्हणून त्यांनी आपली बाज अंगणात काढली, ती आठ वर्षं अंगणातच राहिली. ते स्वतः चौथी शिकलेले, मोटार गॅरेजात कामाला.

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. पांढुर्ण्याच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिक्षकाची नोकरी लागली, पण एका सत्रापुरती. बडे गुरुजी, म्हणजे आमचे हेडमास्तर, म्हणाले की मार्चात तपासणीला साहेब येतील. त्यांना विज्ञानाचं काहीतरी जिवंत दाखवा, मग तुम्हाला पुढं ठेवायचं बोलता येईल.

मी मत्स्यालय करायचं ठरवलं आणि काचेसाठी भाऊजींकडे गेलो. गॅरेजच्या मागं एक उलटलेली बस पडून होती. तिच्या काळ्या काचांपैकी चार शाबूत होत्या. मी म्हणालो, एवढ्या मोठ्या नकोत, कापून घेऊ.

"गाडीची काच कापाची नसते, बाबू," भाऊजी म्हणाले. "कापली का साखर होते तिची. काचेएवढा हौद कर."

म्हणून मत्स्यालयाचं माप बसच्या खिडकीनं ठरवलं. पांढुर्ण्याला नेताना कंडक्टरनं माझ्या काचा पाहिल्या आणि आधी उठून स्वतःच्या खिडक्या मोजल्या. मगच तिकीट फाडलं.

खाली फरशी, सांध्यांना डांबर, आणि बाहेरून लाकडी चौकट. चौकटीचं काम ज्या मिस्त्रीला दिलं, त्याचा जन्म संत्र्याच्या पेट्या ठोकण्यात गेला होता. त्यानं चारही बाजूंना पट्ट्या ठोकल्या, दोन पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवून. मी विचारलं तर म्हणाला, "हवा लागते, मास्तर. नाही तर माल सडते."

त्यात पाणी भरलं, नदीतले सात मासे सोडले आणि बडे गुरुजींना बोलावलं. ते वाकले, एका फटीतून पाहिलं, दुसऱ्या फटीतून पाहिलं. काळ्या काचेत त्यांना त्यांच्या मिशा तेवढ्या दिसल्या.

"मास्तर, यात मासे हायेत हे मले तुमच्या शब्दावर मानावं लागून राह्यलं," ते म्हणाले.

समोरच्या बाजूच्या पट्ट्या मी उपटल्या, तरी मिशाच. नोकरी गेली असं धरून मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी वर्गात पाहतो तर छपराच्या एका फुटक्या कवेलूतून, म्हणजे कौलातून, उन्हाची तिरीप नेमकी हौदाच्या पाण्यात पडली होती, आणि सातही मासे चांदीसारखे चमकत होते. आत उजेड आणि बाहेर अंधार असला की काळ्या काचेतूनही दिसतं. हे मी बी.एस्सी.त शिकलो होतो आणि पेपर झाल्यावर विसरलो होतो. लगेच छपरावर चढून आणखी चार कवेलू काढले. खाली दारं-खिडक्या लावून घेतल्या. मुलं श्वास रोखून बघत बसली.

तपासणीच्या दिवशी साहेब बारा वाजता वर्गात यायचे होते. पण बडे गुरुजींनी चहा दिला, चहावर पोहे दिले, आणि ऊन काही पोह्यांसाठी थांबेना. ते हौदावरून उतरून फरशीवर सरकलं. मी मुलांकडे पाहिलं, मुलांनी माझ्याकडे. साहेब दार उघडून आत आले तेव्हा अंधाऱ्या वर्गात मास्तर आणि बारा मुलं पोत्यावर ठेवलेला एक काळा खोका ढकलत होती आणि सगळ्यांचे पाय ओले होते.

साहेबांनी पहिल्या मुलीला विचारलं, हे काय चाललंय.

"ऊन पुढं गेलं, सर," ती म्हणाली. "म्हणून मासे पुढं नेऊन राह्यलो."

आणखी वीतभर ढकलल्यावर मासे चमकले. साहेब पँट सावरत खाली बसले आणि असं का होतं ते मुलीला विचारलं. तिनं सांगितलं. मी सांगितलं असतं त्यापेक्षा सोपं सांगितलं. मग त्यांनी वर पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिले.

महिन्याभरानं मी सौसरला पत्र टाकलं:

"आदरणीय भाऊजी, सप्रेम जय भीम.

मला पुढच्या सत्रालाही ठेवलं आहे. आदेश काल हाती आला. तो मी आधी ताईला आणि आपल्याला दाखवणार, मग गावी. साहेबांचा शेरा असा: विज्ञान अध्यापन उत्तम, छप्पर तातडीने दुरुस्त करावे. बडे गुरुजींनी दोन्ही कामं माझ्याच नावावर लिहिली आहेत.

आपण माझ्यासाठी काय केलं ते मला तोंडावर सांगता येत नाही, म्हणून लिहितो. आपण नसता तर मी आज वर्गात उभा नसतो.

आता एक विनंती. कवेलू फेरायचं बी.एस्सी.त शिकवत नाहीत. आपल्याला येतं. रविवारी सवड काढून याल का?

आपला,
धाकटा"