ट्रंक लाईनवरची बाही

जळगावात मे महिन्यात कुणी बाई मांडीवर लोकर घेऊन बसलेली दिसली, तर लोक तिला आधी लिंबूसरबत देतील आणि मग डॉक्टरकडे नेतील. मी ती बाई होते. मला कुणी नेलं नाही, कारण मी टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डाआड बसलेली असायचे आणि लोकर टेबलाखाली असायची.

ऐंशीच्या दशकाचा मध्य. बावीस वर्षांची, मेहरूणची, नवीकोरी ट्रंक ऑपरेटर. कानाला हेडफोन चढवला की मी स्वतःला विमान चालवणारी समजायचे. तेव्हा परगावी बोलायचं तर कॉल बुक करून वाट बघत बसावं लागे. मग आमच्यासारखी कुणीतरी बोर्डावरची दोरी उचलून तिचा प्लग योग्य भोकात खुपसायची आणि धुळे, पाचोरा, जामनेर जोडून द्यायची. अख्ख्या जिल्ह्याच्या केळीचे भाव माझ्या बोटांवरून जातात, असं मी घरी सांगायचे. आमचे आबा त्यात भर घालून गल्लीत सांगायचे. पोरगी सरकारात लागली, हे मेहरूण तलावातल्या मासळीलासुद्धा कळलेलं होतं. फक्त सरकारने अजून मला पक्कं केलेलं नव्हतं. पक्कं होईपर्यंत वागणूक बघणार होते.

सकाळी ड्यूटीवर बसलं की आधी सगळ्या लाईनी तपासायच्या. "धुळे, जळगाव बोलतंय. ऐकू येतंय?" तिकडून उत्तर आलं की पुढची लाईन. पहिल्याच आठवड्यात मी धुळ्याची लाईन उचलली, तर तिकडे आधीच बोलणं चालू. एक जाडसर, निवांत बायकी आवाज सांगत होता, "दोन, दोन, एक सोड, परत दोन." पाचोऱ्याची ऑपरेटर "हो, हो" म्हणत होती.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मटका! सरकारी लाईनीवर बायका मटक्याचे आकडे लावतात! दोन दिवस मी जेवले नाही नीट. तिसऱ्या दिवशी धीर गोळा करून मी लाईनीवरच विचारलं, "अक्का, हे आकडे कसले?" आवाज शक्य तितका करारी काढला होता.

तिकडे धुळे, पाचोरा, जामनेर, तिन्ही गावं एकदम हसली. हेडफोन कानावरून काढावा लागला.

"आकडा नही वो बाय, स्वेटर शे," धुळ्याच्या अक्का म्हणाल्या. "जामनेरना बाळसाठे. विणता येस का तुले?"

"येतं की," मी म्हणाले. मला येत नव्हतं. शाळेत एक मफलर सुरू केला होता, तो वर जाताजाता त्रिकोणी झाला होता.

झालं, मी त्या मंडळात शिरले. मंडळात कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नव्हतं. एकमेकींना आम्ही गावाच्या नावाने हाक मारायचो. "पाचोऱ्याला ताप आलाय." "जामनेरला चौथा लागला." मी अर्थातच जळगाव. फक्त अक्का तेवढ्या अक्का. त्यांची नोकरी आमच्या सगळ्यांपेक्षा जुनी होती. बाळ हिवाळ्याच्या तोंडावर येणार होतं म्हणून विणकाम उन्हाळ्यात काढलेलं. रीत अशी की एकेका गावाने एकेक तुकडा विणायचा. पाठ धुळ्याची, पुढचा भाग पाचोऱ्याचा, बाह्या जळगावच्या. मग सगळे तुकडे एसटीने धुळ्याला जायचे आणि जोडकाम अक्का करायच्या.

न बघता शिकवणं काय असतं ते मी तिथे पाहिलं. म्हणजे ऐकलं. मी म्हणायचे, "अक्का, भोक पडलंय." अक्का विचारायच्या, "मायेर की सासर?" माहेर म्हणजे डावी सुई, सासर म्हणजे उजवी. टाके माहेरून सासरी जातात ना, तसं. मी सांगितलं की पुढचा प्रश्न, "सुई टाकाना पोटातून काढी का पाठीतून?" दोन प्रश्नांत त्यांना माझी चूक दिसायची. मला ती हातात असून दिसत नसे. तेवढ्यात रावेरच्या एखाद्या केळीवाल्याचा दिल्लीचा कॉल लागायचा. अक्का अर्ध्या शब्दावर थांबायच्या, पाच-दहा मिनिटांनी परत यायच्या आणि बरोबर त्याच अर्ध्या शब्दापासून पुढे सांगायच्या. इकडे मी तेवढ्या वेळात कुठली ओळ चालू आहे तेच विसरलेली.

"बठ्ठा टाका उसवी टाक," म्हणजे सगळे टाके उसव, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की घरी आईने भाजीत मीठ जास्त पडल्याचं सांगितलं तरी मला तेच ऐकू यायचं.

हे सगळं नियमात बसत नव्हतं. ट्रंक लाईनीवर खाजगी बोलणं म्हणजे गुन्हाच. आमच्या सुपरवायझर बाई पाठीमागून चपलेचा आवाज न करता यायच्या. त्या दिसल्या की मी लोकर गुडघ्यांत दाबायचे आणि इतकी सरळ बसायचे की कुणालाही संशय यावा.

आता बोर्डाच्या दोरीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तिच्या खालच्या टोकाला बोर्डाच्या पोटात वजन टांगलेलं असतं. प्लग काढून सोडला की दोरी सर्रकन आपोआप आत जाते. ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी शिकवलेलं होतं. मला परीक्षेत त्यावर पूर्ण मार्क होते.

त्या दुपारी मी पहिली बाही संपवत आणली होती. पिवळी लोकर. बाई आल्याचा भास झाला म्हणून मी विणकाम घाईने मांडीवरून उचलून कडेला सारलं, आणि धागा कुठे गुरफटला ते पाहिलं नाही. केळीवाल्याचं बोलणं संपलं, मी प्लग काढला, सोडला. सर्रकन दोरी गेली, आणि तिच्यामागे माझी बाही निघाली! सुई आडवी अडकली म्हणून अर्धी वर राहिली. मी घाबरून ओढली. शेजारच्या दोन दोऱ्याही आवळल्या. त्यातल्या एकीवर कुणी गिरणीवाला "हॅलो, हॅलो, अरे कोण आहे?" करत ओरडत होता आणि मी त्याला म्हणाले, "थांबा भाऊ, बाही अडकलीय."

टेक्निशियन भाऊंनी मागची फळी उघडली. बोर्डाच्या पोटातून त्यांनी पिवळी लोकर काढायला सुरुवात केली ती काढतच राहिले. मागे सुपरवायझर बाई.

"हे काय आहे?"

"बाही, बाई."

"कुणाची?"

"जामनेरची," मी खरं ते सांगितलं.

बाईंनी चष्मा काढला. "तुम्हाला अजून पक्कं केलेलं नाही, माहीत आहे ना? कुणी शिकवलं हे बोर्डावर बसून?"

आबांचं तोंड डोळ्यांपुढे आलं, गल्लीत मान वर करून चालणारं. नाव सांगितलं असतं तर कदाचित सुटले असते. नाव घेतलं नाही ते शहाणपणाने नव्हे, भीतीने; मी नुसती बोर्डातून निघालेली लोकर गुंडाळत राहिले.

माझ्या हेडफोनमधून मात्र आवाज येत होता. धुळ्याची लाईन उघडीच राहिली होती. "बाईसले दे," अक्का म्हणत होत्या. "पोरी, हेडफोन बाईसले दे."

बाईंनी कानाला लावला. टेक्निशियन भाऊंनी काम थांबवलं होतं, पंखा तेवढा घरघरत होता, आणि अक्कांचा जाड आवाज मला बाजूला उभी राहूनही ऐकू आला. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना पुस्तकी मराठीत बोलताना ऐकलं.

"नमस्कार. मी धुळ्याहून बोलते आहे. लाईनीवर विणकाम मीच शिकवते, गेली कित्येक वर्षं. मुलगी नवी आहे, मोठ्यांनी सांगितलं म्हणून तिने ऐकलं. रिपोर्ट माझ्या नावाने करा. नाव लिहून घ्या." आणि त्यांनी पूर्ण नाव, हुद्दा, सगळं सावकाश सांगितलं, कॉल बुक करणाऱ्याने सांगावं तसं.

मला समज देऊन सोडलं. दिवाळीआधी पक्कंही केलं. आबांनी पेढे वाटले. पाचोऱ्याने मग मला हळूच सांगितलं, की त्या वर्षी धुळ्याला सुपरवायझरची जागा अक्कांना मिळायची होती, ती दुसरीला गेली.

सुट्टीच्या दिवशी मी पुन्हा विणून काढलेली ती बाही पिशवीत घालून धुळ्याची एसटी धरली. रस्ताभर माफीचं भाषण पाठ केलं. देवपुरात पत्ता विचारत घर गाठलं. दारात एक किडकिडीत, काळीसावळी बाई तांदूळ निवडत होती. मी अक्कांची चौकशी केली. इतका जाड आवाज त्या एवढ्याशा देहातून निघाला की मी मागे वळून पाहिलं.

"जळगाव का तू? ये, बस."

त्यांनी आधी बाही उलगडली. हाताने ताणली, उजेडात धरली. "हाई बाही शे का पायजमा?"

मी भाषण सुरू केलं. "अक्का, माझ्यामुळे तुमची खुर्ची..." आणि हात जोडायला गेले. त्यांनी खुंटीवरची लोकरीची लड काढून माझ्या जोडायला निघालेल्या दोन्ही हातांत अडकवली, हात ताणून लांब केले आणि टोक शोधून गोळा गुंडाळायला लागल्या.

"खुर्चीवर बसीसन कोणले विणता येस? बठ्ठा देखतस."

हे बोलताना गोळा फिरवणारा हात एकदाच थांबला. मी पाहिलं. मग परत फिरायला लागला, त्याच लयीत.

मला रडू फुटलं. नाक वाहायला लागलं आणि पुसायला हात नव्हते.

"कसाले रडस? हात हालवू नको." अक्कांनी गोळा मांडीवर ठेवला, स्वतःच्या पदराने माझं नाक खसखसून पुसलं, "लोकरवर पडी जाई," म्हणाल्या आणि पुन्हा गुंडाळू लागल्या.