दोरीवरचा हात

जमिनीवरून वाहणारं पहाटेचं मतलई वारं पडलं तोवर होडी पाण्यात अर्धगोल मारून, जाळं टाकून परत आली होती. पौषातली थंडी. ओली वाळू तळपायाला बोचत होती. किनाऱ्यावर रापणीच्या, म्हणजे वाळूवरून ओढायच्या त्या मोठ्या जाळ्याच्या, दोन दोऱ्या, दोन्हींवर माणसं, आणि उत्तरेच्या दोरीच्या टोकाला शेवंती कुबल, वाडीची काकी. लुगडं ढोपरापर्यंत खोचलेलं, टाच वाळूत रुतवलेली. तिच्यापुढे तिच्याच घरात राहणाऱ्या तीन बायका. वाडीत त्यांना सगळे एकाच नावानं ओळखायचे, 'काकीची पावणी'.

ही पावणी सणासुदीची नव्हती. कुणी बायकांना आसरा देणाऱ्या कुडाळच्या संस्थेच्या गाडीतून यायची, कुणी नेसत्या वस्त्रानिशी एसटीतून उतरायची. घरात मार खाऊन, जीव मुठीत घेऊन निघालेल्या बायका. शेवंतीला त्यांना काही विचारावं लागत नसे. तिचा घोव ट्रॉलरवर खलाशी. किनाऱ्यावर उतरला की तिला बडवायचा, आणि शेजारी टीव्हीचा आवाज वाढवायचे. तो मेला त्या साली तिनं मागच्या दोन खोल्या सारवल्या आणि संस्थेला सांगून टाकलं, बायका पाठवा.

वाडी कुरकुरली. उद्या कुणाची भांडणं आपल्या दारात येतील, म्हणाली. शेवंतीनं वाद घातला नाही. सकाळी बायकांना घेऊन ती सरळ रापणीवर आली आणि दोरी धरली. रापणीत ज्यानं दोरी ओढली त्याला वाटा. जात, गाव, नातं कुणी विचारत नाही. रापणीचा म्होरक्या धोंडू तांडेल वाटे घालताना घुटमळला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हात मोज रे. नावांगावां मोजू नको." धोंडूनं वाटे घातले. मग हळूहळू कुणी नारळ पाठवले, कुणी जुनी गोधडी. रिक्षावाला दवाखान्याचं भाडं घेईना. काकीचं घर ते वाडीचंच घर झालं.

त्या तिघींतली सृष्टी खारेपाटणहून आली होती, गेल्याच आठवड्यात. मनगट अजून सुजलेलं. तरी दोरीवर पहिली येऊन उभी राहायची.

त्या दिवशी जाळं अर्ध्यावर आलं असताना, ओढ सुरू होण्याआधीच विडी आणायला टपरीवर गेलेला धोंडू एका माणसाला घेऊनच परतला. इस्त्रीचा शर्ट, हसरा चेहरा. पेढ्यांचा बॉक्स धोंडूच्या हातात. परक्या माणसानं घर विचारलं तर इथं कुणी नुसतं बोट दाखवत नाही. हातातलं काम टाकून दारापर्यंत नेऊन पोचवतात. धोंडूनं तेच केलं होतं.

"काकी, सृष्टीचो माणूस इलो हा. खारेपाटणसून."

माणसाचं नाव विनीत. तो अगदी मऊ बोलत होता. आई अंथरुणाला खिळली आहे, सारखं सुनेचं नाव घेते, दोन दिवसांत परत आणून सोडतो. बोलता बोलता पेढेही वाटले. दोरीवरची माणसं पाघळली. घरचं माणूस आपणहून न्यायला आलंय, एखादी चूक कुणाकडून होत नाही, असं पुढनं मागनं बोलणं सुरू झालं. जा गो बाय, असं एका म्हातारीनं मायेनंच सांगितलं.

शेवंतीला त्या मायेचीच धास्ती वाटली. काठी घेऊन आला असता तर एव्हाना वाडीनं त्याला हाकललं असतं.

"माका जावचा नाय," सृष्टी म्हणाली.

"ऐकलंस? ती येवची नाय," शेवंती म्हणाली.

विनीत हसला. नवराबायकोतली गोष्ट आहे, मावशी, तुम्ही मध्ये पडू नका, म्हणाला. आणि पुढं होऊन त्यानं सृष्टीचं ते सुजलेलं मनगट धरलं, हिसडा देऊन तिचा हात दोरीवरून काढला.

कोर्टात एकमेकांवर केस घातलेले भाऊसुद्धा रापणीत एकाच दोरीवर उभे राहतात. जाळं वाळूला लागेपर्यंत दुसऱ्याचा हात कुणी काढत नाही. पण जाळं पाण्यात असताना आपली दोरीही कुणी सोडत नाही. सगळे जागच्या जागी उभे राहिले.

दोरी सोडली ती एकट्या शेवंतीनं. विनीतसमोर जाऊन उभी राहिली, पण बोलली दोरीवरच्या माणसांशी.

"माज्या घोवान माका ह्याच वाळयेत मारल्यान. तेवा तुमी सगळे असेच दोरी धरून उभे होतास. आज पण तसेच रवतलास काय, तां माका बघूचा आसा."

धोंडूनं समुद्राकडे पाहिलं. जाळ्यावर कुरव पक्ष्यांचा थवा घिरट्या घालत होता. आत बांगडा दाटला होता, महिन्यात पहिल्यांदा.

"सोडा दोरी," तो म्हणाला.

म्हावरा जाईल, कुणीतरी म्हणालं.

"जांवदे."

दोन्ही दोऱ्या वाळूत पडल्या. कुणी हात उगारला नाही. ओली, खारी माणसं नुसती विनीतला खेटून उभी राहिली, चारी बाजूंनी. त्याचा हात आपोआप सुटला. पोलीस घेऊन येतो, तो ओरडला.

"हाड," शेवंती म्हणाली. "माजा पण तेंच्याकडे काम आसा."

तिनं तिथूनच संस्थेला फोन लावला. धोंडू उरलेल्या पेढ्यांचा बॉक्स विनीतच्या हातात कोंबून त्याच्या मागोमाग रस्त्यापर्यंत गेला, आणि मोटारसायकल वळणाआड जाईपर्यंत तिथंच उभा राहिला.

परतला तेव्हा त्याची मान खाली होती. "माका वाटला, बरो माणूस असतलो."

"बरोच दिसतलो. वायट दिसणारो असो इचारीत येता काय?"

"मगे उद्या कोण इलो तर काय सांगू?"

"घर म्हायत नाय म्हणान सांग."

"जल्म हय गेलो माजो. घर म्हायत नाय म्हटलंय तर लोक हसतले."

"हसांदेत. पाणी दी, खुर्ची दी, चाय दी. घर तेवढा दाखवू नको. आनी आदी माका फोन, मगे पाणी. टपरीवाल्याक पण सांग. सगळ्या वाडयेक सांग."

धोंडूनं मान हलवली आणि तसाच टपरीकडे वळला.

सृष्टी वाळूत बसली होती. तिच्याभोवती दोघीतिघी, कुणी तिच्या पाठीवरनं हात फिरवत होतं. बाकीच्यांनी दोऱ्या पुन्हा धरून जाळं ओढून काढलं. आत मूठभर बांगडे आणि ढीगभर शेवाळ. शेवंतीनं पदर कमरेला खोचला, जाळ्याचं टोक ओढून मांडीवर घेतलं आणि शेवाळ वेचायला बसली.