कवडूच्या हातचं मरण

चंद्रभान रंगमंचावर मरायला लागला की प्रेक्षकांतल्या शेंगा फोडणंसुद्धा थांबायचं. एरवी तो शहरातल्या महाल भागात शिलाई मशीन दुरुस्त करणारा साधा माणूस. बोटांना कायम तेलाचा वास. पण नाटकात अमेरिकेच्या अध्यक्ष लिंकनला मारणारा बूथ झाला की राजबिंडा दिसायचा. हा बूथ स्वतःच नट. भर नाटकघरात त्यानं गोळी झाडली, आणि पुढं सैनिकांनी त्याला जळत्या कोठारात गाठून मारलं. त्या शेवटच्या प्रवेशात चंद्रभानचा आधी गुडघा पडायचा, मग खांदा, आणि हात सगळ्यांत मागाहून. "जीव गेला हे हातायले उशिरा समजते," असं तो सांगायचा.

गोळी झाडणारा सैनिक म्हणजे त्याचा दोस्त कवडू. त्यांच्या नाट्यमंडळात एक रीत होती. मारणाऱ्यानं पडदा पडल्यावर मेलेल्याच्या तोंडात गुळाचा खडा घालायचा, आणि त्यानंतरच मेलेल्यानं उठायचं. मारल्याचा दोष घरी न्यायचा नाही, म्हणून.

मंडळाच्या पन्नाशीनिमित्त तेच नाटक पुन्हा एकदा करायचं ठरलं. चंद्रभानचा गुडघा सुजलेला, सत्तरी उलटलेली. यानंतर आपल्याला कोणी रंगमंचावर बोलावणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एकदा नीट मरून घ्यावं, एवढीच त्याची इच्छा. दिग्दर्शन आता कवडूकडे होतं, आणि कवडूच्या हातात नेमका याच वर्षी स्मार्टफोन आला होता.

"बूथ मेलाच नाही," चंद्रभानच्या घरी चहाची बशी खाली ठेवत कवडूनं जाहीर केलं. "कोठारात दुसराच होता. असली बूथ मागच्या दारानं निघून गेला, नाव बदलवून म्हातारा होईस्तोवर जगला. मी शेवट बदलवला."

"अबे कवड्या, त्याच्या हातावर नावाची अक्षरं गोंदलेली होती. गळ्यावर जुना वण होता. लोकायनं प्रेत ओळखलं."

"गोंदण त कोणीबी काढून घेते. अन ओळखणाऱ्यायले सरकारनं सांगतलं असन."

"काहून सांगन सरकार?"

"हेच त बे! काहून सांगतलं, हेच त कोणी सांगून नाही राहिलं!"

चंद्रभाननं कपाळावर हात मारला. पुरावा दाखवला की कवडू म्हणे, इतका पक्का पुरावा म्हणजे बनवलेलाच. पुरावा नसला की म्हणे, पाह्य, लपवला. भिंतीवर डोकं आपटलं असतं तर निदान भिंतीनं आवाज तरी दिला असता.

चंद्रभानची बायको गोपिका आतून म्हणाली, "कवडूभाऊजी, इतके वर्षं तुमीच यायले गोळी मारली न? मंग तवा कोणाले मारून राहिले होते?"

"तवा मले कुठं माहीत होतं, वहिनी? मोबाइल कुठं होता?"

नव्या शेवटात चंद्रभाननं न बोलता विंगेत जायचं होतं. कोठारात मरायला ऋषी होता, धरमपेठेतला औषधांचा दुकानदार. म्हणजे मरण ऋषीचं, टाळीही ऋषीची.

तालमीला चंद्रभान ठरल्याप्रमाणे मागच्या दारानं निघून गेला आणि विंगेत खुर्चीवर बसला. कोठारात लाल उजेड पडला, फळीवर फळी आपटून गोळीचा आवाज झाला. ऋषी पडला. शर्टाची इस्त्री सांभाळत पडला. कवडूनं पुन्हा करायला लावलं. तो पुन्हा तसाच पडला. दुपारी जेवण झाल्यावर माणसं आडवी होतात, तसा.

चंद्रभानला बसवेना. लंगडत तो उजेडात आला.

"थांब गा ऋषी. बाजूले हो. कवडू, चालव गोळी."

कवडूनं लाकडी बंदूक उचलली. विचार करायला वेळच नव्हता. खांद्याला सवय होती. फळी वाजली. चंद्रभानचा गुडघा पडला, तेव्हा आलेली कळ अगदी खरी होती. मग खांदा. आणि हात, किती वेळ हवेतच राहिले, मग खाली आले.

ऋषीचं तोंड उघडंच राहिलं होतं.

पावलं वाजली. कवडू शेजारी टेकला, खिशातली पुडी सोडली आणि गुळाचा खडा चंद्रभानच्या ओठांत सरकवला.

चंद्रभाननं एक डोळा उघडला. "सापडला न बे! ज्याले गूळ, तो मेला. आता कबूल कर."

कवडूचा हात तसाच अधांतरी राहिला. क्षणभर वाटलं, मानतोय. मग तो म्हणाला, "गूळ ऋषीसाठी आणला होता. कोठारात अंधार, धूर... चेहरा कुठं दिसते?"

"अबे, लाइट तूच लावले न! अन धूर कुठं हाय?"

"धूर प्रयोगात राहीन."

चंद्रभाननं डोळा मिटला. गूळ तोंडात आला की उठायचं, ही रीत. पण तो उठला नाही. "कोण मेला ते ठरव आदी. तोवर मी पडून हावो."

ऋषी कॉलर नीट करत अवघडून उभा होता. "काका, मग मी काय करू?"

"तू," चंद्रभान डोळे न उघडता म्हणाला, "मागच्या दारानं निंगून जाय."