भिंतीची चाळणी

गवंडीकाकांनी वीस वर्षांपूर्वी डोंगरातल्या रस्त्याला आधार म्हणून बांधलेली भिंत एका सकाळी निम्मा रस्ता घेऊन ओढ्यात गेली. भिंत काकांची, रस्ता सगळ्यांचा, आणि वरच्या वस्तीवर अडकली काकांची बायको. तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागे. आता चार पुतणे तिला खुर्चीत बसवून पायवाटेने उतरवत. निम्म्या वाटेत तिला धाप लागे, तरी हुकूम चालूच, "हळू रे, मी काही सिमेंटचं पोतं नाही."

रस्ता दुरुस्तीसाठी आलेल्या तरुण इंजिनियरबाईंनी नकाशा पसरला. तशीच भिंत, फक्त दुप्पट जाड. भिंत का पडली ते काकांना ठाऊक होतं. नाव कमावलेल्या माणसाला असली गोष्ट तोंडाबाहेर काढणं काय सोपं असतं? पण खुर्ची डोळ्यांपुढून हलेना.

"जाडीने काही होणार नाही, बाई," ते म्हणाले. "पाणी निघायला मी भोकं ठेवली होती. मग मीच लिंपली. बरी दिसत नव्हती."

बाई रागावल्या नाहीत. "कुठे होती?" एवढंच विचारलं.

काकांनी भिंतीच्या उरलेल्या पायाशी मातीत हात घालून चाचपत जागा दाखवली. पहार मारली आणि पाणी आलं. आधी गढूळ, मग नितळ, हात बधिर करणारं गार. संध्याकाळ झाली तरी थांबेना. काका बघतच राहिले. एवढं सगळं इतकी वर्षं आत दाबून उभं होतं, आणि आपण वर उभं राहून शेखी मिरवत होतो. त्यांची मान आपोआप खाली गेली.

"आता भिंतच अशी बांधू, की लिंपायची सोयच नको," बाई म्हणाल्या.

मग तारेच्या जाळ्यांचे पेटारे आले. त्यांत दगड रचायचे, पेटाऱ्यावर पेटारा चढवायचा. सिमेंटचा कण नाही. "फेकू नका, बसवा," काका दिवसभर ओरडत. पाणी प्रत्येक फटीतून पाझरत राहिलं आणि भिंत जागची हलली नाही. काका रोज सकाळी तिला हात लावून बघत. इतकं साधं, आणि जन्मभर आपल्याला कळलं नाही.

सोळाव्या दिवशी पहिली जीप उतरली. आत बायको. तिने भिंतीजवळ जीप थांबवायला लावली.

"अहो, भिंत बांधलीत की चाळणी?"

वीस वर्षांपूर्वी डोक्यावर घमेलं घेऊन ती नेमकं हेच बोलली होती. सगळे हसले होते, आणि दुसऱ्या दिवशी काकांनी भोकं लिंपली होती.

"म्हणे कुणीतरी भोकं बुजवली म्हणून जुनी पडली," ती म्हणाली. "कोण होता तो शहाणा?"

"मीच," काका म्हणाले आणि तिची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसले. "चल रे, उशीर होतोय."